स्वयंपाकघरातली कपाटं आणि उपकरणं एकसंध कशी बसवायची

स्वयंपाकघराचं काम काढलं की बहुतेक वेळा क्रम उलटा लागतो. आधी शटरचा रंग पसंत होतो, मग सुतार कपाटं उभी करून जातो आणि सगळं आटोपल्यावर फ्रीज येतो. तो कोनाड्यात शिरतो, पण शेजारच्या भिंतीमुळे दार काटकोनापुढे जात नाही आणि आतला खालचा खण दाराच्या कडेला अडतो. रंग शोभून दिसतो, पण खण धुवायला काढायचा तर दर वेळी फ्रीज पुढे ओढायचा.

जुळणी म्हटलं की डोळ्यांपुढे रंगच येतो. खरा क्रम आहे आधी मापं, मग रेषा आणि शेवटी रंग. रंग चुकला तर शटर बदलता येतं. रेषा चुकली तर उभं कपाट सोडवावं लागतं. माप चुकलं तर उपकरण दारातूनच परत जातं. म्हणून सगळ्या उपकरणांचे मॉडेल नंबर पक्के होईपर्यंत प्लायला करवत लावू द्यायची नाही.

मापांचा कागद

प्रत्येक बिल्ट-इन, म्हणजे कपाटात बसवायच्या, उपकरणाबरोबर बसवणीचा नकाशा असतो आणि कंपनीच्या वेबसाइटवर तो खरेदीआधीही मिळतो. जाहिरातीच्या पत्रकात फक्त उपकरणाची लांबी-रुंदी-उंची असते. कोनाड्याचं आतलं माप, हवेसाठी सोडायची जागा, दार उघडल्यावर पुढे किती येतं, मागे सॉकेट कुठे चालणार नाही, हे नकाशात असतं. सुताराच्या हातात तोच द्यायचा. शिवाय एका कागदावर प्रत्येक उपकरणासाठी सहा रकाने आखा: अंगाचं माप, कोनाडा, दार उघडल्यावरची खोली, हवेची फट, वीज-पाण्याची जागा आणि दारावर आपली फळी लावायची असेल तर तिचं चालणारं वजन.

बहुतेक बिल्ट-इन ओव्हन ६०० मिमी रुंदीच्या कपाटासाठी बनतात. पुढची काच साधारण ५९५ मिमी असते आणि कोनाडा ५६० ते ५६८ मिमी लागतो. आता हिशोब पाहा. १८ मिमीच्या दोन बाजू वजा केल्या की ६०० मधून आत ५६४ उरतात, म्हणजे ओव्हन आरामात बसतो. पण प्लायला बाहेरून १ मिमीचं लॅमिनेट आणि आतून ०.८ मिमीचं लायनर (आतल्या बाजूचं पातळ लॅमिनेट) लागलं, की एक बाजू १९.८ मिमीची होते आणि आत उरतात ५६०.४. कागदावर हेही चालतं. प्रत्यक्षात फळीला जरा बाक असला किंवा लायनरखाली गोंदाचा एक थर जाड बसला, की ओव्हन अर्ध्यावर अडकतो. मग रंधा चालतो आणि लायनर सोलवटतं. सुताराला ‘६०० चं कपाट’ असं कधीच सांगू नका. ‘लॅमिनेट लागल्यावर आतून ५६४’ असं सांगा आणि पुढून, मागून, वरून, खालून अशा चारही ठिकाणी मोजून घ्या.

डिशवॉशरच्या बाबतीत उंची दगा देते. ६०० किंवा ४५० मिमी रुंदीची बहुतेक यंत्रं पाय पूर्ण आत फिरवल्यावर ८१५ मिमीच्या आसपास असतात, म्हणून ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत निदान ८२० मिमी मोकळे हवेत. हे ८२० तयार फरशीपासून मोजायचे. कपाटं आधी बसली आणि फरशी नंतर आली, की टाइल आणि खालचा सिमेंटचा मसाला मिळून २० मिमी सहज जातात. त्याहून वाईट म्हणजे यंत्र आत असताना त्याच्यासमोर फरशी लावली, तर ते कायमचं कोंडलं जातं. दुरुस्तीला बाहेर काढायला ओटा उचलावा लागतो.

फ्रीजचं दुखणं खोलीचं असतं. कपाटाचा सांगाडा ५६० मिमी, शटरसह ५८० आणि ओटा ६००, ही नेहमीची मापं. सुटा फ्रीज मात्र दारासकट ६५० ते ७५० मिमी असतो, त्यात मागे हवेची जागा. तो पुढे डोकावणारच. उपाय तीन आहेत. कमी खोलीचा फ्रीज घ्यायचा, मागची भिंत परवानगी देत असेल तर तिच्यात कोनाडा काढायचा, किंवा त्या भिंतीवरचा सगळा ओटा ६५० पर्यंत पुढे आणायचा. तिन्ही शक्य नसतील तर फ्रीजच्या बाजूला शटरच्याच लॅमिनेटची उभी फळी लावा. फक्त ती फळी फ्रीजचं अंग झाकेल इतकीच खोल हवी. दार पूर्णपणे फळीच्या पुढे राहिलं पाहिजे, कारण उघडताना दाराची बिजागरीकडची कड बाजूलाही सरकते. फळी दाराच्या जाडीपर्यंत आली की ती कड फळीवर घासते. एका बाजूला भिंत असेल तर मध्ये ५० ते १०० मिमीची फिलर पट्टी (फट भरणारी अरुंद उभी फळी) सोडा. नेमका आकडा नकाशातल्या ‘खण काढण्यासाठी लागणारा कोन’ पाहून ठरवा.

हवा हवीच

फ्रीज नीटनेटका दिसावा म्हणून त्याला चारही बाजूंनी कपाटात गच्च बसवतात. त्याची उष्णता मागून किंवा बाजूंनी बाहेर पडते. ती कोंडली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीज खातो आणि लवकर थकतो. सुट्या फ्रीजभोवती मॉडेलनुसार बाजूंना २० ते ५० मिमी, मागे ५० आणि वर ५० ते १०० मिमी सोडावे लागतात. वरची फट दिसू नये असं वाटत असेल तर वरचं कपाट फ्रीजइतकं पुढे आणा आणि त्याच्या मागे हवा वर जाईल असा मार्ग ठेवा. शटरमागे पूर्ण झाकल्या जाणाऱ्या फ्रीजला खालून स्कर्टिंगमध्ये (कपाटाच्या पायांपुढच्या पट्टीत) जाळी आणि मागे वरपर्यंत मोकळी वाट लागते. बहुतेक नकाशांत दोन्हीकडे निदान २०० चौरस सेंटिमीटर मागितलेले असतात. ५०० मिमी रुंदीची जाळी ४० मिमी उंच घेतली तर हिशोब बरोबर २०० येतो, पण जाळीच्या पट्ट्या त्यातली जागा खातात, म्हणून ती ६० उंच घ्या.

फ्रीज आणि ओव्हन शेजारी-शेजारी नकोत. जागाच नसेल तर मध्ये निदान एक अरुंद कपाट घाला.

रेषा: इथेच स्वयंपाकघर जुळतं किंवा फिसकटतं

डोळा आधी आडव्या रेषा वाचतो. स्कर्टिंगची वरची कड, ओट्याची खालची आणि वरची कड, भिंतीवरच्या कपाटांची खालची कड, उभ्या कपाटांचा माथा, या पाच रेषा भिंतीच्या सरळ चित्रावर आधी आखा. मग उपकरणं त्यांत बसवा. उपकरणांच्या कडा, काचेच्या सीमा, हँडलं, बटणांची पट्टी, सगळं त्या चित्रात खऱ्या मापाने आलं पाहिजे. संगणकावरच्या रंगीत चित्रात ओव्हन हा नुसता काळा चौकोन असतो. त्यावर विसंबू नका.

ओट्याखालचा हिशोब करून पाहू. खालच्या कपाटाचा पुढचा भाग साधारण ७२० मिमी उंच असतो. खाली १०० ते १५० मिमी स्कर्टिंग आणि वर २० ते ४० मिमी ओट्याचा दगड धरला की उंची ८४० ते ९१० पर्यंत जाते. ओट्याखाली ५९५ चा ओव्हन बसवला तर १२५ मिमी उरतात. ही पट्टी बहुतेक ठिकाणी ‘उरलं ते उरलं’ म्हणून कशीतरी झाकली जाते आणि शेजारच्या ड्रॉवरचे सांधे तिसरीकडेच असतात. त्यापेक्षा शेजारचे तीन ड्रॉवर असे वाटा की त्यांतला एक सांधा ओव्हनच्या कडेशी येईल. ओव्हनखाली १२५ ची पट्टी असेल तर शेजारचा सगळ्यात खालचा ड्रॉवर १२५ चा, उरलेले दोन २९७ च्या आसपास. पट्टी वर असेल तर हेच उलटं. बटणांच्या पट्टीची खालची रेषा ड्रॉवरशी जुळवायच्या नादी लागू नका. ती मॉडेलगणिक बदलते आणि दहा वर्षांनी नवा ओव्हन आला की सगळं गणित मोडतं.

उभ्या कपाटात दोन उपकरणं शेजारी-शेजारी लावायची असतील तर एक जोडी हाताशी असू द्या. ५९५ मिमी उंचीच्या ओव्हनशेजारी ४५५ मिमीचा छोटा कॉम्बी ओव्हन (मायक्रोवेव्ह किंवा वाफेची सोय असलेला) आणि त्याखाली १४० मिमीचा वॉर्मिंग ड्रॉवर (ताटं-पदार्थ गरम ठेवणारा). ४५५ आणि १४० मिळून बरोबर ५९५ होतात. ही मापं मुळात त्यासाठीच ठरवलेली आहेत. ड्रॉवर नको असेल तर त्याच उंचीची साधी फळी किंवा उथळ खण लावा, रेषा तरीही जुळते. साधा बिल्ट-इन मायक्रोवेव्ह ३८० ते ३९० मिमी उंच असतो. त्याला ओव्हनशेजारी ठेवला की वरची किंवा खालची एकच कड जुळते. अशा वेळी वरची जुळवा. नजर तिथेच जाते.

उंची ठरवताना देखणेपणाला थोडं मागे सारा. ओव्हनची मधली जाळी कोपराच्या उंचीला किंवा जराशी खाली हवी. मायक्रोवेव्हचा तळ वापरणाऱ्याच्या खांद्याच्या वर नको, नाहीतर गरम द्रवाचं भांडं डोक्यावरून खाली येतं. घरात दोन उंचीची माणसं असतील तर बुटक्या माणसाचं माप धरा.

चिमणी ही कायमची डोकेदुखी. गॅसच्या शेगडीपासून तिचा तळ ६५० ते ७५० मिमी वर ठेवावा लागतो (आपल्या मॉडेलचा आकडा त्याच्या पुस्तिकेतून घ्या), तर भिंतीवरची कपाटं ओट्यापासून साधारण ६०० वर असतात. म्हणजे चिमणीची कड कपाटांपेक्षा ५० ते १५० मिमी वर जाते आणि रेषा तुटते. ५० चा फरक चूक वाटतो, १५० चा ठरवून केलेला वाटतो. तेव्हा एक तर चिमणी कपाटातच दडवा, तिच्यासमोरचं शटर बाकीच्यांच्या रेषेपर्यंत खाली आणू नका आणि तळ आवश्यक उंचीवरच ठेवा. किंवा तिच्या दोन्ही बाजूंना निदान १५० मिमी भिंत मोकळी सोडून तिला एकटी उभी करा. रुंदी शेगडीइतकी किंवा जास्त. ९०० च्या शेगडीवर ६०० ची चिमणी दिसायलाही तोकडी आणि वाफ ओढायलाही.

हाच नियम सगळीकडे लागू पडतो: कड जुळवायची तर पूर्ण जुळवा, नाहीतर फरक ठळक ठेवा. शटरांमधल्या फटी सगळीकडे एकच, २ ते ३ मिमी. ५९५ ची काच ६०० च्या कपाटात मध्यावर बसली की दोन्ही बाजूंना अडीच मिमी आपोआप मिळतात. ओव्हन एका बाजूला सरकून बसला असेल तर एकीकडे ५ आणि दुसरीकडे शून्य येतं, आणि ते रोज खुपतं. स्क्रू आवळण्याआधी दोन्हीकडे पत्त्यांचे सारख्या जाडीचे गठ्ठे खुपसून मध्य साधा.

रंग आणि धातू

उपकरणांचे दर्शनी भाग मुख्यतः तीन प्रकारचे: ब्रश केलेलं स्टेनलेस स्टील, काळी काच आणि पांढरा इनॅमल किंवा काच. यांतला एक मुख्य ठरवा. दुसरा जोडीला चालेल, तिसरा नको. लाकडी पोताच्या शटरांशी काळी काच बहुतेक वेळा निभावून जाते. राखाडी आणि निळसर छटांना स्टील शोभतं. मलईसारख्या पिवळसर पांढऱ्या शटरांशेजारी पांढरं उपकरण जपून घ्या, कारण उपकरणांचा पांढरा बहुधा निळसर थंड असतो. शेजारी आल्यावर शटर मळकं दिसायला लागतं. तिथे काळं किंवा स्टील घेतलेलं बरं.

दोन कंपन्यांचं स्टील सारखं नसतं. एकाची छटा पिवळसर, दुसऱ्याची निळसर. ब्रशच्या रेघा एकाच्या आडव्या, दुसऱ्याच्या उभ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घ्यायचीच असतील तर एकावर एक किंवा शेजारी येणारी जोडी एका कंपनीच्या एकाच मालिकेतून घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं उपकरण समोरच्या भिंतीवर न्या. समोरासमोरचा फरक नजरेला कळत नाही. काळ्यातही हेच आहे. चकचकीत काळ्या काचेशेजारी मॅट काळा फ्रीज धुळकट वाटतो. आणि खिडकीसमोर काळी काच आली तर ती दिवसभर आरशासारखी खिडकी दाखवत राहते, शिवाय बोटांचे ठसेही.

लॅमिनेटचा नमुना पुस्तकातल्या चिटोऱ्यावरून ठरवू नका. निदान ३०० बाय ३०० मिमीचा तुकडा मागा आणि उपकरणाच्या दारावर उभा टेकवून पाहा. आडव्या टेबलावर ठेवला तर उजेड वेगळा पडतो. सकाळी, संध्याकाळी आणि कपाटाखालचा दिवा लावून, असे तीन वेळा पाहा. दुकानात जुळलेले दोन रंग घरच्या दिव्याखाली फाटलेले दिसतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक दिव्याच्या उजेडाचे घटक वेगळे. ओट्यावरचे दिवे सगळे एकाच केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा: कमी तितका पिवळसर, जास्त तितका निळसर) घ्या, ३००० किंवा ४०००, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर. चिमणीतला दिवा ६५०० चा आणि शेजारची पट्टी ३००० ची असली की एकाच भिंतीवर दोन स्वयंपाकघरं दिसतात. चिमणीतला बल्ब बदलता येतो का, तेही खरेदीआधी विचारा.

हँडलच्या बाबतीत ओव्हनचं हँडल प्रमाण माना, कारण ते बदलता येत नाही. ते गोल सळईचं असेल तर ड्रॉवरनाही गोल, चपटं असेल तर चपटं. स्क्रूंमधलं अंतर बहुतेक ३२ मिमीच्या पटीत मिळतं: ९६, १२८, १६०, १९२, ३२०. सगळीकडे एकच लांबी हवीच असं नाही. अरुंद ड्रॉवरला १२८ आणि रुंदाला ३२० छान दिसतं. ओव्हनच्या हँडलशी रंग नेमका जुळत नसेल तर हँडलविना शटर घ्या. जवळजवळ जुळणाऱ्या धातूपेक्षा ते केव्हाही बरं.

आपलीच फळी उपकरणाच्या दारावर

डिशवॉशर किंवा फ्रीज शटरमागे पूर्ण दडवायचा असेल तर मॉडेल त्यासाठीच बनलेलं हवं. साध्या मॉडेलवर फळी चिकटवून काम भागत नाही. डिशवॉशरच्या दाराला स्प्रिंग असते आणि ती ठरावीक वजनापर्यंतच दार तोलते. १८ मिमीच्या जड बोर्डाची फळी लावली की दार धाडकन पडतं. स्प्रिंगचा स्क्रू आवळून थोडं सावरता येतं, पण वजनाची मर्यादा ओलांडली असेल तर फळीच हलकी करावी लागते. दुसरी अडचण खाली असते. दार उघडताना फळीची खालची कड आत वळते आणि स्कर्टिंगला धडकते. फळी लांब ठेवायची असेल तर सरकत्या बिजागरीचं मॉडेल घ्या, नाहीतर स्कर्टिंगला तिथे खाच पाडा.

फ्रीजच्या बिजागऱ्या दोन तऱ्हांच्या असतात. एकीत शटर कपाटाच्या बिजागरीवर आणि फ्रीजचं दार स्वतःच्या बिजागरीवर, मध्ये सरकपट्टी. दुसरीत शटर थेट फ्रीजच्या दारावर. दुसरी जास्त घट्ट मिटते, पण फळीच्या वजनाबद्दल जास्त काटेकोर असते. लाकडी पोत असेल तर त्या भिंतीवरची सगळी शटरं एकाच तक्त्यातून सलग कापून घ्या आणि मागे खडूने क्रमांक टाका. क्रमांक न टाकल्यामुळे पोत तुटलेली स्वयंपाकघरं ढिगाने सापडतील.

गॅस, वाफ आणि उष्णतेशेजारची शटरं

फॉइल (प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) चढवलेली शटरं ओव्हनशेजारी टाळा. ओव्हनच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या गरम हवेने गोंद सैल होतो आणि फॉइल आधी कोपऱ्यातून उचलतं. तिथे लॅमिनेट किंवा पेंट, कडेला २ मिमीची पट्टी आणि शक्यतो पीयूआर (उष्णता आणि ओल सोसणारा पॉलीयुरेथेन) गोंद. डिशवॉशर उघडल्यावर वाफ सरळ ओट्याच्या खालच्या कडेला लागते. ओटा लाकडी किंवा बोर्डाचा असेल तर तिथे बाष्परोधक पट्टी चिकटवा. ती बहुधा यंत्राबरोबरच येते आणि बहुधा खोक्यातच राहते.

सॉकेट आणि नळ

बिल्ट-इन उपकरणाच्या थेट मागे सॉकेट नको. प्लगची जाडी ४० ते ५० मिमी खाते आणि ओव्हन तेवढाच बाहेर राहतो. शेजारच्या कपाटात, हात पोहोचेल असं सॉकेट द्या. चार झोनची इंडक्शन शेगडी एकदम चालली तर ७ किलोवॉटच्या आसपास घेते. तिला स्वतंत्र सर्किट, ओव्हनला वेगळं. डिशवॉशरचा नळ आणि निचरा सिंकखालच्या कपाटात, आणि यंत्र सिंकला लागूनच. निचऱ्याची नळी ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत वर चढवून मग उतरवा, नाहीतर सिंकचं घाण पाणी यंत्रात परततं.

कापण्याआधी जमिनीवर

चिकटपट्टी घ्या आणि रिकाम्या खोलीत फरशीवर सगळं खऱ्या मापाने आखा. कपाटांच्या कडा, फ्रीजचं दार ९० आणि १२० अंशांवर, ओव्हनचं खाली उघडणारं दार, डिशवॉशरचं दार. डिशवॉशर उघडलं की दार साधारण ६०० मिमी पुढे येतं. त्यापुढे माणूस उभा राहायचा तर समोरच्या कपाटापर्यंत १००० मिमी लागतातच, दोघं वावरणार असतील तर १२००. कोपऱ्यावर खास लक्ष द्या. एका भिंतीवरच्या ओव्हनचं हँडल ४० ते ५० मिमी पुढे आलेलं असतं आणि दुसऱ्या भिंतीवरचा ड्रॉवर उघडताना नेमका त्याला धडकतो. कोपऱ्यात ५० ते ८० मिमीची फिलर पट्टी घातली की हा प्रश्नच उरत नाही. ती पट्टी ‘वाया जाते’ म्हणून काढायला लावणारे नंतर ड्रॉवर अर्धाच उघडतात.

बसवताना फरशीचा सर्वांत उंच बिंदू पाणसळीने शोधा आणि कपाटं तिथून सुरू करा. सखल बाजूला पाय फिरवून उचलता येतं, उंच बाजूला फरशी खाली नेता येत नाही. आधी उभी कपाटं, मग खालची, मग ओटा, शेवटी उपकरणं, आणि सगळी आत बसल्यावरच शटरांची अंतिम जुळणी. ओव्हनचं वजन आल्यावर कपाट किंचित दबतं आणि आधी जुळवलेल्या फटी पुन्हा चुकतात. वॉशिंग मशीन याच ओळीत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना कपाटाशी थोडी फट ठेवा, नाहीतर सुकवताना अख्खी ओळ थरथरते.

काम संपताना तीन गोष्टी मागून घ्या. मागची भिंत बंद होण्यापूर्वी नळ-तारांचे फोटो, जवळ फूटपट्टी धरलेले. सगळ्या उपकरणांचे मॉडेल नंबर आणि कोनाड्यांची प्रत्यक्ष मोजलेली मापं, सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून. आणि त्याच लॉटमधला लॅमिनेटचा एक अख्खा तक्ता, सोबत पाच-सहा मीटर कडेची पट्टी. तक्ता उभा ठेवू नका, वाकतो. पलंगाखाली आडवा सरकवा.